पत्त्याची दवंडी

दवंडी हा शब्द आता बहुतेक जुन्या मराठी सिनेमातच ऐकू येतो. हलगी बडवत माणूस चावडीपाशी यायचा, "ऐका हो ऐका" म्हणून सांगायचं ते सांगायचा आणि पुढच्या आळीला निघून जायचा. "कशावरून?" असं त्याला कुणी विचारत नसे. त्याने सांगितलं म्हणजे ते खरं.

माझ्या रोजच्या कामात मात्र ही दवंडी अजून ठणठणीत जिवंत आहे. मी पोट भरतो ते कॉम्प्युटरच्या नेटवर्कवर, आणि इंटरनेट नावाचा हा जगड्व्याळ पसारा आजही दवंडीवरच चालतो. लग्नाकार्यात भेटलेले नातेवाईक विचारतात, "तू नक्की काय करतोस रे?" पूर्वी "नेटवर्कचं काम" म्हटलं की केबल टीव्हीवाला समजायचे. हल्ली "क्लाउडचं काम" म्हटलं की आमचे काका खिडकीतून आभाळाकडे बघतात (काका, ह. घ्या.). म्हणून म्हटलं, एकदा सविस्तर लिहूनच टाकावं. विषय तांत्रिक आहे खरा, पण गोष्ट शेवटी माणसांचीच आहे. कुणीतरी काहीतरी सांगतं, दुसऱ्याने त्यावर विश्वास का आणि किती ठेवायचा, याची.

तर मंडळी, आधी मूळ अडचण समजून घेऊ. तुम्ही एखादं पान उघडता तेव्हा माहितीची छोटी छोटी पाकिटं निघतात. प्रत्येकावर पत्ता असतो. वाटेत राउटर नावाची यंत्रं असतात, ती म्हणजे आपल्या टपाल खात्यातली सॉर्टिंग ऑफिसं. पाकीट बघायचं, पुढच्या ऑफिसकडे ढकलायचं. फरक इतकाच की टपाल खात्याकडे अख्ख्या देशाचा नकाशा आहे. इंटरनेटचा संपूर्ण नकाशा कुणाकडेच नाही. प्रत्येक राउटर फक्त शेजाऱ्याला ओळखतो आणि शेजारी सांगेल त्यावर भरवसा ठेवतो: "अमुक पत्ते माझ्याकडे आहेत", "तमुक पत्ते माझ्या पलीकडच्याकडे आहेत, माझ्याकडे दे, मी पोचवतो." यालाच आमच्या भाषेत रूट अ‍ॅडव्हर्टाइज करणं म्हणतात. जाहिरात कसली, ही सरळ दवंडी आहे.

१९६९ साली अमेरिकेत अर्पानेट सुरू झालं तेव्हापासून ही पद्धत आहे. त्यातली यंत्रं दर दोन तृतीयांश सेकंदाला शेजाऱ्यांना आपला तक्ता पाठवत: कुठवर पोचायला मला किती वेळ लागतो. त्यातून अंतरं आपोआप कळत, एखादी तार तुटली तर वाट आपोआप बदले. फार सुंदर कल्पना. पण सत्तरच्या दशकात हार्वर्डमधल्या यंत्राची मेमरी बिघडली आणि ते सगळ्यांना सांगू लागलं की कुठेही जायला मला शून्य वेळ लागतो. झालं! जवळपास सगळं नेटवर्क आपली पाकिटं हार्वर्डच्या दिशेने ओतू लागलं आणि ती तिथे गडप होऊ लागली. यंत्राच्या मनात काही पाप नव्हतं. त्याच्या शब्दावर कुणी शंका घेतली नाही, एवढंच. ही गोष्ट लक्षात ठेवा, कारण पुढची पन्नास वर्षं हीच गोष्ट वेगवेगळे कपडे घालून परत परत येते.

१९८२ पर्यंत नेटवर्कं अनेक झाली होती. विद्यापीठाचं वेगळं, लष्कराचं वेगळं, कंपन्यांची वेगळी. एका घरातले नियम दुसऱ्याला लागू करता येईनात. तेव्हा बीबीएन या कंपनीतल्या एरिक रोझेन यांनी 'ऑटोनॉमस सिस्टिम' ही कल्पना मांडली. प्रत्येक संस्थेचं नेटवर्क हे एक स्वतंत्र संस्थान, त्याला एक क्रमांक, आतला कारभार त्याचा त्याने बघावा आणि वेशीवर शेजाऱ्याशी बोलताना एकच ठरलेली भाषा वापरावी. त्या भाषेचं नाव ईजीपी. तिच्यात एक गृहीतक होतं: मधोमध एक मोठा खोड असलेला वृक्ष, बाकी सगळ्या त्याच्या फांद्या. पण ऐंशीच्या दशकात अमेरिकेच्या नॅशनल सायन्स फाउंडेशनचं एनएसएफनेट आलं, आणखी जोडण्या झाल्या, फांद्या एकमेकींत गुंतल्या. वृक्षाचं जाळं झालं. जाळ्यात ईजीपीला वाट सापडेना. पाकिटं गोल गोल फिरण्याची भीती निर्माण झाली.

आता या गोष्टीतला माझा सगळ्यात आवडता प्रसंग. जानेवारी १९८९, टेक्सासमधलं ऑस्टिन शहर. इंटरनेटचे नियम ठरवणाऱ्या इंजिनिअरांची बैठक भरली होती. जेवणाच्या वेळी सिस्को कंपनीचे कर्क लॉघीड आणि लेन बोसॅक, आणि आयबीएमचे याकोव्ह रेख्टर एकत्र बसले आणि त्यांनी कागदी रुमालांवर नव्या भाषेचा आराखडा खरडला. म्हणून तिला आजही 'दोन रुमालांचा प्रोटोकॉल' म्हणतात (काही जण तीन कागद होते म्हणतात, आपण त्या वादात नको पडायला). तिचं औपचारिक नाव बॉर्डर गेटवे प्रोटोकॉल, म्हणजे बीजीपी. जून १९८९ मध्ये तिचा पहिला मसुदा प्रसिद्ध झाला, जेमतेम सतरा पानांचा.

तिची युक्ती अगदी साधी आहे. नुसतं "माझ्याकडे हा पत्ता आहे" एवढंच सांगायचं नाही, तर बातमी कुठून कुठून आली ती सगळी साखळीही सांगायची. "मला जोश्यांनी सांगितलं, त्यांना कुलकर्ण्यांनी, त्यांना देशपांड्यांनी." आता देशपांड्यांकडेच ही बातमी फिरून आली तर ते साखळीत स्वतःचं नाव बघतात आणि सोडून देतात. गोल फिरण्याचा प्रश्न मिटला. शिवाय शेजाऱ्यांनी अधूनमधून "आहे, आहे" म्हणत राहायचं. आजच्या नियमाची शिफारस अशी की दर ३० सेकंदांनी हाक द्यावी, आणि ९० सेकंद काहीच ऐकू आलं नाही तर तो शेजारी गेला असं समजून त्याने सांगितलेले सगळे पत्ते पुसून टाकावेत.

लगेच पुढचं संकट आलं. पत्ते वाटण्याची जुनी पद्धत आपल्याकडच्या कपड्यांच्या मापांसारखी होती: लहान माप २५६ पत्त्यांचं, मधलं ६५,५३६चं आणि मोठं १ कोटी ६७ लाखांचं. लहान बहुतेकांना आखूड, मधलं ढगळ. सगळे मधलंच मागू लागले आणि ते संपत आलं. लहान तुकडे वाटावेत तर दवंड्यांची संख्या इतकी वाढणार की राउटरांच्या डोक्यात मावणार नाही. १९९३ मध्ये त्यावर तोडगा निघाला. पत्त्यांचे कुठल्याही मापाचे तुकडे करायचे, पण शेजारशेजारचे तुकडे एकत्र बांधून त्यांची एकच दवंडी द्यायची. बीजीपीची चौथी आवृत्ती १९९४ मध्ये आली ती हे सामर्थ्य घेऊन, आणि आजही तीच चालू आहे.

हे वाचलं तेव्हा मला आपला पिनकोड आठवला. टपाल खात्यातले अधिकारी आणि संस्कृतचे कवी श्रीराम भिकाजी वेलणकर यांच्या कल्पनेतून तो १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाला. पहिला आकडा विभागाचा, दुसरा उपविभागाचा, तिसरा सॉर्टिंगच्या जिल्ह्याचा, शेवटचे तीन पोस्ट ऑफिसचे. कलकत्त्याच्या सॉर्टरला ४११०३० म्हणजे सदाशिव पेठ हे माहीत असायची काही गरज नाही. चारचा आकडा दिसला की पत्र पश्चिमेकडे टाकायचं. पुढचं पुढचे बघतील. (सदाशिव पेठेचं अस्तित्व माहीत नसूनही कुणाचं काम अडत नाही, हे ऐकून काहींना धक्का बसेल, पण इलाज नाही.) इंजिनिअर मंडळी एकवीस वर्षांनी जिथे पोचली तिथे आपलं टपाल खातं आधीच उभं होतं.

३० एप्रिल १९९५ रोजी एनएसएफनेटची मुख्य वाहिनी बंद झाली आणि इंटरनेट व्यापारी कंपन्यांच्या हाती गेलं. त्याच वर्षी १५ ऑगस्टला विदेश संचार निगमने भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केलं. पत्त्यांची टंचाई मात्र होतीच. १९९६ मध्ये ठरलं की काही पत्ते कुणाच्याच मालकीचे नाहीत. ते आपापल्या घरात कुणीही वापरावेत, फक्त बाहेर त्यांची दवंडी द्यायची नाही. १० या आकड्याने सुरू होणारे सगळे पत्ते त्यातलेच. घरातल्या 'बाळ्या', 'ताई' अशा हाकांसारखे ते. घरोघरी बाळ्या असतो आणि त्याने काही बिघडत नाही, जोवर दोन घरं एकत्र येत नाहीत.

आणि मग आला क्लाउड, ज्याने घरं एकत्र आणायला सुरुवात केली.

ऑगस्ट २००६ मध्ये अ‍ॅमेझॉनने आपली यंत्रं तासाच्या भाड्याने द्यायला काढली. पण तेव्हा सगळे भाडेकरू एकाच मोठ्या चाळीत होते. पत्ता मालक देईल तो. कंपन्यांना ते पसंत पडेना. त्यांना हवं होतं आपल्या ऑफिसच्या नेटवर्कला जोडलेलं, आपले पत्ते वापरणारं स्वतःचं आवार. ऑगस्ट २००९ मध्ये अ‍ॅमेझॉनने तशी सोय आणली: व्हर्च्युअल प्रायव्हेट क्लाउड, व्हीपीसी. तुम्ही म्हणायचं "मला १०.२०.०.० पासून ६५,५३६ पत्ते हवेत" आणि तेवढं नेटवर्क तयार. त्याच वेळी शेजारचं गिऱ्हाइकही तेच पत्ते मागतं आणि त्यालाही ते मिळतात! कारण हे पत्ते खरे नसतातच. तुमचं पाकीट आत दुसऱ्या पाकिटात घातलं जातं. बाहेरच्या पाकिटावर खऱ्या यंत्राचा पत्ता आणि कोणत्या गिऱ्हाइकाचं त्याची खूण. पोचल्यावर बाहेरचं पाकीट फाडून टाकायचं. तुमचं नेटवर्क म्हणजे एका भल्यामोठ्या नोंदवहीतल्या ओळी.

मग प्रश्न असा की हे मायावी पत्ते तुमच्या पुण्यातल्या ऑफिसातल्या हाडामासाच्या राउटरला (म्हणजे लोखंडाच्या!) कळणार कसे? उत्तर: दवंडी. ऑफिसचा राउटर आणि क्लाउडचं प्रवेशद्वार यांच्यात एक सुरक्षित वाट बांधायची आणि तिच्यावरून दोघांनी बीजीपी बोलायचं. सुरुवातीच्या व्हीपीसीला जोडायचं तर समोरच्या राउटरला ही भाषा येणं आवश्यकच होतं. क्लाउड सांगतो, "१०.२०चे पत्ते माझ्याकडे." ऑफिस सांगतं, "१०.३०चे माझ्याकडे." दोघांनाही संस्थान म्हणून क्रमांक लागतात, त्यासाठीसुद्धा ६४५१२ ते ६५५३४ असे घरगुती क्रमांक राखून ठेवलेले आहेत. २०११ मध्ये अ‍ॅमेझॉनने स्वतंत्र तारेने जोडण्याची सोय दिली, २०१४ मध्ये मायक्रोसॉफ्टने, गूगलनेही आपला क्लाउड राउटर आणला. प्रत्येकाचं दुकान वेगळं, पण वेशीवरची भाषा तीच, १९८९च्या रुमालांवरची. २०१५ मध्ये मायक्रोसॉफ्टने पुण्यात आणि २०१६ मध्ये अ‍ॅमेझॉनने मुंबईत आपलं क्लाउड केंद्र उघडलं, तेव्हा आमच्यासारख्यांची रोजची मीठभाकरी हीच झाली.

एक अनुभव सांगतो. नावगाव विचारू नका. एका इस्पितळाने रक्त तपासणीच्या अहवालांची सगळी यंत्रणा क्लाउडवर नेली होती. गावोगावी त्यांची नमुने गोळा करायची केंद्रं होती आणि प्रत्येक केंद्राला २५६ पत्त्यांचा तुकडा दिलेला. जोडणी ज्याने केली त्याने प्रत्येक केंद्राची वेगळी दवंडी लावली. चांगलं चाललं होतं. एका शनिवारी संध्याकाळी नवं केंद्र सुरू झालं आणि काही क्षणांत मुख्य इस्पितळासकट सगळ्या केंद्रांचा क्लाउडशी संबंध तुटला. मला फोन आला तेव्हा रात्रीचे दहा वाजले होते. मी तिथे पोचलो तर प्रयोगशाळेतली मुलगी फोनवरून अतिदक्षता विभागाला पोटॅशियमचे आकडे वाचून दाखवत होती आणि पलीकडची नर्स ते कागदावर उतरवून परत म्हणून दाखवत होती. प्रत्येक आकडा दोनदा. त्या आवाजात जी काळजी होती ती मी विसरलेलो नाही. त्यातला एक आकडा चुकला असता तर कुणाचं काय झालं असतं, हा विचार आजही नकोसा वाटतो.

तार शाबूत होती, यंत्रं शाबूत होती. कारण सापडायला पहाट झाली. त्या क्लाउड सेवेचा नियम होता की एका जोडणीवर गिऱ्हाइकाने जास्तीत जास्त शंभर दवंड्या द्याव्यात; एक जरी जास्त झाली तर सगळी जोडणीच बंद. नवं केंद्र होतं एकशे एकावं. एक पाहुणा जास्त आला म्हणून अख्ख्या पंगतीची पानं उचलली! नियम ऐकायला दुष्ट वाटतो, पण त्यामागे शहाणपण आहे: समोरच्याचं डोकं फिरलं आणि तो लाखो खोट्या दवंड्या देऊ लागला, तर आपलं घर वाचावं. उपायही तोच, वेलणकरांचा. सगळे तुकडे शेजारशेजारचे होते, म्हणून एकशे एक दवंड्या काढून ६५,५३६ पत्त्यांची एकच दवंडी दिली. मिनिटाभरात पडद्यावर अहवाल दिसू लागले. आणि हो, नंतर वेगळ्या मार्गाने दुसरी जोडणीही करून घेतली.

समोरच्याचं डोकं फिरण्याची भीती काही कल्पनेतली नाही. २५ एप्रिल १९९७ रोजी अमेरिकेतल्या एका छोट्या सेवादात्याचा राउटर, ज्याचा संस्थान क्रमांक होता ७००७, जगातले बरेचसे पत्ते माझ्याकडेच आहेत असं सांगू लागला, तेही छोट्या तुकड्यांत. आता बीजीपीच्या जगात एक नियम आहे: ज्याची दवंडी जास्त नेमकी त्याचं खरं. "पुण्याची पत्रं मला द्या" म्हणणाऱ्यापेक्षा "सदाशिव पेठेची मला द्या" म्हणणाऱ्याला मान. त्यामुळे सगळे त्या बिचाऱ्याकडे धावले आणि इंटरनेटचा मोठा भाग काही तास लुळा पडला. राउटरची तार उपटल्यावरही त्याच्या दवंड्या जगभर घुमतच राहिल्या.

२४ फेब्रुवारी २००८ रोजी पाकिस्तान सरकारने यूट्यूब बंद करायचा आदेश काढला. पाकिस्तान टेलिकॉमने आपल्या देशापुरती यूट्यूबच्या २५६ पत्त्यांची खोटी दवंडी दिली, ती बाहेर निसटली आणि हाँगकाँगच्या मोठ्या सेवादात्याने ती जगाला सांगितली. यूट्यूबची स्वतःची दवंडी १०२४ पत्त्यांची, म्हणजे कमी नेमकी. सुमारे दोन तास अर्ध्याअधिक जगाचं यूट्यूब इस्लामाबादच्या दिशेने जाऊन नाहीसं होत होतं. आणि २४ एप्रिल २०१८ रोजी तर क्लाउडवरच घाला पडला. अ‍ॅमेझॉनच्या नावं-शोधून-देणाऱ्या सेवेच्या सुमारे १,३०० पत्त्यांची दवंडी भलत्याच कुणीतरी दिली, लोकांना बनावट संकेतस्थळावर नेलं आणि सुमारे दीड लाख डॉलरचं आभासी चलन लांबवलं.

उलटा प्रकार ४ ऑक्टोबर २०२१ रोजी घडला. तो तुम्हा सगळ्यांना आठवत असेल, कारण आपल्याकडे रात्री नऊच्या सुमारास व्हॉट्सअ‍ॅप मुकं झालं आणि पुष्कळ घरांत बऱ्याच दिवसांनी गप्पा झाल्या. देखभालीच्या कामात दिलेल्या एका आज्ञेने फेसबुकची आतली मुख्य वाहिनीच तुटली. त्यांच्या नावं सांगणाऱ्या यंत्रांना शिकवलेलं होतं की डेटा सेंटरशी संपर्क तुटला तर आपण आजारी आहोत असं समजा आणि आपली दवंडी मागे घ्या. त्यांनी इमानेइतबारे घेतली. यंत्रं चालू होती, पण पत्ता सांगणारं कुणी उरलं नाही, आणि जवळजवळ सहा तास एक अवाढव्य कंपनी जगाच्या नकाशावर नव्हती.

इलाज चालू आहेत. २०११ पासून एक सही-शिक्क्याची व्यवस्था आली आहे. तिच्यात पत्त्याचा मालक लिहून देतो की माझ्या पत्त्यांची दवंडी फक्त अमुक क्रमांकाच्या संस्थानाने द्यावी. आज एखाद्या कंपनीला स्वतःचे खरे पत्ते अ‍ॅमेझॉनच्या क्लाउडवर न्यायचे असतील तर आधी असं मुखत्यारपत्र द्यावं लागतं, मगच अ‍ॅमेझॉन तिच्या वतीने दवंडी देतो. २०२४ मध्ये जगातल्या निम्म्याहून अधिक दवंड्यांना असं पत्र जोडलेलं होतं. पण ते सांगतं फक्त मालकाचं. मधली साखळी खरी की खोटी हे त्यावरून कळत नाही. म्हणजे जोश्यांना कुलकर्ण्यांनी खरंच सांगितलं का, हा प्रश्न उरतोच.

लोक मला विचारतात, इतकी तकलादू गोष्ट अजून चालते कशी? मला वाटतं, ती तकलादू आहे म्हणूनच एवढी पसरली. ज्या भाषेला परवानगी, मध्यवर्ती कचेरी, मोठा साहेब काही लागत नाही, फक्त एक शेजारी लागतो, ती कुठेही रुजते. आज जगाच्या तक्त्यात दहा लाखांच्या आसपास दवंड्या आहेत आणि बहुतांश वेळ बहुतांश खऱ्या असतात. हा चमत्कार यंत्रांचा नाही. कुठेतरी कुणीतरी रात्रपाळीला बसून चुकीची दवंडी कानावर पडली की ती अडवतो, शेजाऱ्याला फोन करून "अरे, हे काय सांगतोयस?" असं विचारतो, त्याचा आहे.

दवंडीवाल्याला कुणी "कशावरून?" विचारत नसे, असं मी सुरुवातीला म्हटलं. पण गावाला हलगीवाला ओळखीचा होता आणि त्यालाही उद्या त्याच गावात तोंड दाखवायचं होतं. आपण दवंडी जगभर नेली. ती ओळख आणि ते उद्याचं तोंड दाखवणं मात्र मागे राहिलं. गेली तीसेक वर्षं आम्ही तेच परत बांधतो आहोत, एकेक सही करून. अजून बरंच काम बाकी आहे. असो.

तर काका, हे माझं काम. आभाळात काही नाही.